दिव्याची पाळी

शिवशंकरनं वाटीतल्या खळीत बोट बुडवलं आणि भिंतीच्या भेगेवर कागदाची नवी पट्टी चिकटवली. जुनी पट्टी त्यानं कालच लावली होती. आज पहाटेच्या हादऱ्यात ती मधोमध फाटली होती. फाटलेला तुकडा त्यानं आईपुढे धरला.

"हे बघ, माय. पट्टी फाटली म्हणजे भेग वाढली. भिंत हलून राहिली."

मनकर्णानं तुकड्याकडे पाहिलं नाही. ती दिव्यात तेल घालत होती.

"हलू दे," ती म्हणाली. "तेवढी बाटली कोपऱ्याला सरकव. पाय लागंल कोणाचा."

त्यानं बाटली सरकवली. दिवा माजघरात होता. मागच्या आठवड्यात त्याची बायको शितल गेली तेव्हा तिला खाटेवरून खाली घेतलं होतं. त्याच जागी ज्वारीचं पीठ पसरून त्यावर दिवा लावला होता. दहाव्यापर्यंत तो विझू द्यायचा नव्हता आणि एकटाही ठेवायचा नव्हता. भिंत दिव्यापासून दोन हातांवर होती, दगडमातीची, वडिलांनी बांधलेली. भेग वरून निघून खुंटीपर्यंत आली होती. खुंटीला शितलच्या औषधांची पिशवी अजून तशीच लटकत होती.

"दिवा बाहेर ताडपत्रीखाली ठेवू," तो म्हणाला. "मी स्वतः उचलतो. विझू देणार न्हाई."

"जिथं जीव गेला तिथंच दिवा. उचलत न्हाईत."

"कुठं लिहिलंय असं?"

"लिहायला काहून पाहिजे? सगळ्यालाच ठाव हाय."

"माय, सगळी गल्ली बाहेर झोपून राहिली. भागवतची लेकरंबी बाहेर. तू एकटीच आत."

"एकटी कुठं?" मनकर्णा म्हणाली आणि तिनं वात जराशी पुढे सारली.

शिवशंकरनं खळीची वाटी उचलली आणि तो बाहेर आला.

फिजीतल्या सुवा शहरात त्याचं ऑफिस होतं. प्रशांत महासागरातल्या बेटांच्या एका मोठ्या पट्ट्यासाठी तो आपत्ती मदत आणि माहिती अधिकारी होता. वादळ येण्याआधी लोकांना काय सांगायचं, कोणत्या भाषेत सांगायचं, कोणाच्या तोंडून सांगायचं, हे तो ठरवायचा. त्याच्या सांगण्यावरून गावंच्या गावं रिकामी झाली होती. इथं त्याची आई एका खोलीतून उठत नव्हती.

अंगणात शिजवलेली हळद उघडीच वाळत होती. तिची ताडपत्री काढून भागवतनं आखरात, घराबाहेरच्या मोकळ्या जागेत, चार बांबूंवर ताणली होती आणि खाली खाटा टाकल्या होत्या. भागवत, त्याचा धाकटा भाऊ, आता पत्र्यावर चढला होता आणि वरचे दगड एकेक करून खाली देत होता. पत्रे उडू नयेत म्हणून गावात सगळेच वर दगड ठेवतात. हादरा आला की आधी तेच डोक्यात पडतात. जमिनीतून गडगड आवाज यायचा, मग भांडी वाजायची, हे गावाला नवीन नव्हतं. कित्येक वर्षं असंच चाललं होतं. म्हणूनच कोणी दगड काढत नव्हतं.

शेजारचे संतरामकाका ओट्यावर बसून बघत होते.

"शिवशंकरराव, दगड तर काढले. आता वारं सुटलं अन् पत्रे गेले तर?"

"वायरनं बांधून राहिलो ना, काका."

"तुमच्या फिजीचं वादळ हितं आलं तर वायर पुरंल का?"

भागवत वरून हसला. शिवशंकरनं पक्कडीनं वायरला पीळ दिला.

"ते जाऊ द्या," संतराम मोबाइल डोळ्यांजवळ धरून म्हणाले. "हे आलंय बघा. आज सांजच्याला सातला मोठा धक्का हाय म्हणं. खरं का?"

"खोटं आहे. भूकंप कधी येणार हे कोणालाच सांगता येत नाही."

"तुमालाबी न्हाई?"

"मलाबी न्हाई."

"मंग तुमाला पगार कशाचा देऊन राहिले ते?"

संतरामांनी हे टोमण्यानं विचारलं नव्हतं. त्यांना खरंच कळत नव्हतं. तिकडे पत्रकार हाच प्रश्न विचारायचे आणि शिवशंकरकडे त्याचं तयार उत्तर असायचं.

"माणसं येळेवर बाहेर काढायचा," तो म्हणाला.

"तेच तर, काका," भागवत वरून म्हणाला. "आख्खी बेटं बाहेर काढली आमच्या दादानं. घरातली एक म्हातारी निघंना."

संतराम हसले. भागवतही हसला. शिवशंकरनं वायर इतकी ओढली की तिचं टोक त्याच्या तळहातात रुतलं. त्यानं हात पँटला पुसला.

भागवत खाली उतरल्यावर तो हळू आवाजात म्हणाला, "दोघं मिळून उचलू तिला."

"उचलू की. पर परत आत जाईल ती. मंग काय बांधून ठेवतो का?"

शिवशंकरनं पक्कड खाली ठेवली. नव्या स्वयंसेवकांना तो स्वतः हेच शिकवायचा. उचलून आणू नका. नाही म्हणणाऱ्याची भीती नसते, त्याच्याशी बोलता येतं. लक्ष ठेवायचं ते 'आलो' म्हणणाऱ्यावर. 'आलो' म्हणणारा माणूस येत नाही. त्याचं पाऊल उंबऱ्याबाहेर पडेपर्यंत दारातून हलू नका.

ऊन उतरायला लागलं तेव्हा फोन वाजला. लिटिया होती, सुव्याच्या ऑफिसातली. गल्लीत कोणाचं तरी हळद घासायचं यंत्र चालू होतं, काही ऐकू येईना. तो माजघराच्या दारात जाऊन उभा राहिला.

"रजेत फोन करते आहे, माफ कर," लिटिया म्हणाली. तिकडे रात्र झाली होती. वादळ उद्या उत्तरेकडच्या बेटांवर येणार होतं. सगळे लोक उंचावरच्या शाळेत गेले होते. एका गावात एक म्हातारा तेवढा राहिला होता. त्याची बायको गेल्या वर्षी वारली होती आणि तिला घराशेजारीच पुरलं होतं. तो तिथून हलत नव्हता.

"तुझं ते वाक्य तुझ्या आवाजात पाठव," लिटिया म्हणाली. "तो तुला ओळखतो म्हणे. मागच्या वादळात तू त्यांच्या गावी गेला होतास."

ते वाक्य शिवशंकरनंच तयार केलं होतं. बेटांवरच्या सगळ्या भाषांत ते पोस्टरवर छापलेलं होतं. घर पुन्हा बांधता येतं, गेलेला जीव परत येत नाही. शितल त्या पोस्टरला हसायची. चार वेळा त्यांची बदली झाली, चारही वेळा सामान तिनंच बांधलं आणि सोडलं. "घर पुन्हा बांधता येतं म्हणं," ती म्हणायची. "तू कधी एक तरी बांधलंस का?"

त्यानं फोनवर रेकॉर्डिंगचं बटण दाबलं. पहिला अर्धा भाग तो बोलला. समोर आईची पाठ होती आणि तिच्यापलीकडे दिवा. दुसरा अर्धा भाग त्याच्या तोंडून निघाला नाही. त्यानं ते पुसून पुन्हा सुरुवात केली आणि पुन्हा तिथंच थांबला. मग फोन खिशात टाकला.

"कोण व्हतं?" मनकर्णानं विचारलं.

त्यानं सांगितलं.

"लेकरंबाळं न्हाईत का त्याला?"

"असतील. माहीत न्हाई."

"अन् तू काय सांगून राहिलास?"

"निघा म्हणून."

 दिव्याभोवतीचं पीठ मनकर्णानं बोटांनी सारखं केलं.

"त्यो बसला तरी तिच्यापाशी," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"म्हणजे काय? शितलच्या मातीहून आल्यापसून तू भिंती बघून राहिलास. पत्रे बघितले, दगड काढले, वारंग्याहून वायर आणली. गावात कोणाच्या घराला कुठं चीर हाय ते तुला पाठ झालं. हितं एकडाव टेकला न्हाईस. दिव्यापाशी आधी नवऱ्यानं बसायचं असतंय. मी म्हणलं आज बसंल, उद्या बसंल. तुजी पाळी मी करून राहिले, शंकर."

यंत्र थांबलं होतं. तिचं बोलणं बाहेर ऐकू गेलं असेल असं त्याला वाटलं.

"मला कोणी सांगितलं न्हाई."

"तू इचारलंस कुठं?"

त्यानं विचारलं नव्हतं. इतके दिवस तो एकच गोष्ट बोलत होता, बाहेर चल. कधी रागावून, कधी समजावून, कधी कागदाच्या पट्ट्या दाखवून. न निघणाऱ्या माणसाला आधी 'तुमचं इथं काय अडलंय?' असं विचारायचं, हे त्यानं शेकडो लोकांना शिकवलं होतं.

"मी बसलो तर तू बाहेर जाशील?"

"जाईन की. कंबर गेली माजी बसून बसून."

एवढंच होतं. त्याला बरं वाटायला हवं होतं, पण राग आला. कोणाचा ते कळेना. मग सवयीनं त्याचं डोकं चालायला लागलं. ती बाहेर जाऊन आडवी होईल. दिवसभराच्या थकव्यानं तिला लगेच झोप लागेल. आपण जरा वेळ बसायचं, दिवा तेलानं भरायचा आणि बाहेर यायचं. दिवा आपला आपण जळेल. सकाळी ती उठायच्या आत पुन्हा आत येऊन बसायचं. माणूस बाहेर निघाला की काम झालं.

"जा मग," तो म्हणाला.

मनकर्णा त्याच्या खांद्यावर भार देऊन उठली. गुडघे सरळ व्हायला तिला वेळ लागला.

"वात मोठी करू नको. तेल थोडं थोडं घाल, भसकन वतू नको. अन् काही बोलायचं असलं तर बोल. कोणी ऐकत न्हाई."

उंबऱ्यापाशी ती थांबली.

"थोड्या येळानं मी येते. सारी रात तुलाच न्हाई बसवत."

"तू यायचं न्हाई. मी आहे."

ती गेली. शिवशंकर खाली बसला. जमीन गार होती. शितल इथं होती त्या शेवटच्या दिवसांत तो तिच्या उशाशी खुर्ची घेऊन बसायचा. खाली असा तो बसलाच नव्हता. इथून खोली वेगळी दिसत होती. भिंत उंच वाटत होती. पिशवीच्या तळाशी औषधाची एक पट्टी टोचून बाहेर आलेली दिसत होती. शितल खाटेवरून कूस वळवायची तेव्हा तिलाही हीच भिंत दिसत असणार. भेग तेव्हाही असेल. ती त्याला रोज विचारायची, "तिकडं वादळ कुठवर आलं?" आणि तो फोन बघून तिला सांगायचा.

बाहेर आखरात आईचा आवाज आला. चहात साखर जास्त झाली म्हणून ती भागवतला बोलत होती. "साखर कारखाना काढलास का रं?" संतराम काहीतरी म्हणाले आणि सगळे हसले. मग खाट करकरली. ती आडवी झाली होती. काम झालं होतं.

शिवशंकरनं उठण्यासाठी एक हात जमिनीवर टेकला. दिव्यात तेल कमी दिसलं. त्यानं थोडं घातलं. वात कलली होती, ती काडीनं सरळ केली. ती पुन्हा कलली. त्यानं पुन्हा सरळ केली. फोन खिशात थरथरला. लिटियाचा संदेश होता, आवाज मिळाला नाही म्हणून. त्यानं लिहिलं, ते वाक्य त्या म्हाताऱ्याला ऐकवू नका. कोणीतरी जाऊन त्याच्याजवळ बसा आणि विचारा, काय अडलंय. मग फोन उलटा करून बाजूला ठेवला.

दार उघडंच होतं. बाहेर पडायला चार पावलंही लागली नसती.

आवाज आधी आला. जमिनीच्या आत, शेताच्या बाजूनं, गडगडत. मग स्वयंपाकघरातली ताटं खाली आली आणि पत्रे खडखडायला लागले. शिवशंकरनं दोन्ही हातांची ओंजळ दिव्याभोवती धरली. भिंतीकडून कागद फाटल्याचा बारीक आवाज आला. खुंटीवरची पिशवी हलत होती. वरून माती गळाली, त्याच्या केसांवर, मनगटांवर, पिठावर.

मग सगळं थांबलं. बाहेर लेकरं रडायला लागली. कोणीतरी सगळ्यांची नावं घेत होतं.

"दादा!" भागवत ओरडला.

त्याच्या हाकेमागून चपलांचा आवाज आला. मनकर्णा धावत उंबऱ्यापर्यंत आली होती. भागवतनं तिचा दंड धरून तिला तिथंच थांबवलं.

"शंकर, राहू दे त्यो दिवा," ती म्हणाली. तिला दम लागला होता. "विझू दे विझला तर. ऊठ. बाहेर ये."

दिवा विझला नव्हता. पिठावर मातीचे बारीक खडे पडले होते. शिवशंकर ते एकेक करून उचलायला लागला.

"शंकर?"

"आलो," तो म्हणाला आणि त्यानं तेलाच्या बाटलीचं झाकण उघडलं.