कापडी कासवाचा अर्धा धडा

मित्रांनो, मी एक जुनं कापडी कासव आहे. दुकानात मिळतं तसलं खेळणं नव्हे. माझ्या पोटाखालून हात आत घातला की माझी मान बाहेर येते आणि हात मागे ओढला की ती कवचात जाते. मला एवढंच येतं. पण तेवढ्यावर मी परळच्या एका शाळेत शिकवलं आहे. माझी गोष्ट आनंदाची नाही. तरी ती तुम्हाला सांगायला हवी, कारण ती तुमच्याच वयाच्या मुलांची आहे.

माझा जन्म गिरगावातला. तिथे ग्रेसी आंटी शाळांचे गणवेश शिवायच्या. एका दुपारी सुनेत्राताई घरातला जुना हिरवा पडदा घेऊन त्यांच्याकडे आल्या आणि याचं कासव करून द्या म्हणाल्या.

"कवच कडक करू काय नरम?" ग्रेसी आंटींनी विचारलं.

"नरमच करा. लहान मुलं हाताळणार आहेत त्याला."

"नरम कवच घेऊन कासव करणार काय गो?"

सुनेत्राताई हसल्या. "आत जाईल आणि परत बाहेर येईल. बाहेर यायलाच शिकवायचंय त्याला."

ग्रेसी आंटींनी माझ्या पाठीत गणवेशाच्या चिंध्या भरल्या, डोळ्यांच्या जागी शर्टाची बटणं लावली आणि मी तयार झालो.

सुनेत्राताई शाळेत समुपदेशक होत्या. हा शब्द मुलांच्या जिभेवर बसायचा नाही, म्हणून मुलं त्यांना नुसतं ताई म्हणायची. आठवड्यातला एक तास त्यांचा असायचा. त्या तासाला पुस्तक नव्हतं आणि परीक्षाही नव्हती. बाकं भिंतीकडे सरकवायची, फरशीवर गोल करून बसायचं, आणि मी ताईंच्या हातावर. राग आला की पोटात काय होतं, मैत्रिणीने खेळायला घेतलं नाही तर काय करायचं, भीती वाटली तर कोणाकडे जायचं, असे ते धडे होते. त्यातला एक धडा माझा होता.

"खूप राग आला, खूप भीती वाटली, की आपलं कासव काय करतं?" ताई विचारायच्या.

"आत जातं."

"आत जाऊन?"

"तीन श्वास घेतं."

"आणि मग?"

"बाहेर येऊन सांगतं."

शेवटचं वाक्य ताई मुलांकडून पुन्हा पुन्हा म्हणवून घ्यायच्या. "आत थोडाच वेळ जायचं, बाळांनो. तिथे राहायचं नाही. बाहेर यायचं आणि मोठ्या माणसाला सांगायचं."

तिसरीच्या वर्गात ध्रुव नावाचा एक रागीट मुलगा होता. कासवाला कान कुठे असतात, असं त्याने पहिल्याच तासाला विचारलं. "मला नाही कधी दिसले," ताई म्हणाल्या, "पण या आपल्या कासवाला ऐकू येतं." तेव्हापासून मुलं माझ्या मानेजवळ तोंड आणून कुजबुजायला लागली. एकदा ध्रुवने शेजारच्या मुलाच्या डोक्यात घालायला कंपासपेटी उचलली. ती तशीच हातात धरून तो थांबला. त्याने मान खांद्यांत ओढून घेतली, श्वास घेतले आणि म्हणाला, "ताई, हा मला रोज ढब्बू म्हणतो. मला रडायला येतं." वर्गात कोणी हसलं नाही. त्या दिवशी मला वाटलं, आपला जन्म कामी आला.

त्याच वर्गात मनवा होती. दोन घट्ट वेण्या, गृहपाठ नेहमी पूर्ण, विचारल्याशिवाय बोलायचं नाही. कितीतरी तास ती माझ्यापर्यंत आलीच नाही. एके दिवशी तास संपला, मुलं पांगली, तशी ती हळूच आली आणि माझ्या मानेशी वाकली.

"आमची आई मे महिन्यात पण स्वेटर घालते," ती म्हणाली.

ताईंनी तिच्याकडे न बघता माझी मान जरा वळवली. "का गं?"

"हात दिसायला नकोत म्हणून. बाबा रागावले ना, की मग ते..."

मी ताईंच्या हातावर होतो. त्यांची बोटं माझ्या आत गार पडलेली मला कळली. पण आवाज त्यांनी बदलू दिला नाही. "तू सांगितलंस हे फार चांगलं केलंस. आता हे तू एकटीने सांभाळायचं नाही. मोठ्या माणसांनी बघायचं."

ताईंनी मनवाच्या आईला एकटीला शाळेत बोलावलं होतं. सोबत बाबाही आले. इस्त्रीचा शर्ट, ऑफिसची बॅग, बोलणं अगदी हळू. "मॅडम, आमचं सुशिक्षित घर आहे," ते म्हणाले. "मुलगी टीव्हीवर काहीतरी बघते आणि बोलते." आई शेजारी बसली होती. तिच्या ब्लाऊजच्या बाह्या मनगटापर्यंत होत्या. मध्येच बाबांना फोन आला आणि ते दाराबाहेर गेले. तेवढ्यात ताई पुढे झुकल्या. "मला कधीही फोन करा. आपण यातून रस्ता काढू."

"मनवाला यात आणू नका मॅडम," आई म्हणाली. "तिच्यावर निघेल सगळं."

ताई तरी थांबल्या नाहीत. त्यांनी मोठ्या बाईंना सांगितलं, मुलांच्या मदतीसाठी असते त्या हेल्पलाइनलाही कळवलं. तिथली माणसं घरी जाऊन आली. आईने दारातच सांगितलं, आमचं सगळं ठीक आहे. बाबा तिच्या मागेच उभे होते. मग बाबांनी संस्थेकडे तक्रार केली, की या शाळेत मुलांकडून घरच्या गोष्टी काढून घेतात. आणखी काही पालकांनी त्यांच्या सुरात सूर मिसळला. संस्थेने ताईंचा तास बंद केला आणि त्यांना वडाळ्याच्या शाळेत पाठवलं.

जाताना ताईंनी मला वर्गशिक्षिकेच्या, प्रिती टीचरच्या, टेबलावर ठेवलं. "मनवावर लक्ष ठेवा. आणि याचा धडा घेतलात तर पूर्ण घ्या."

"हो, घेईन ना," प्रिती टीचर म्हणाल्या. त्या मनापासूनच म्हणाल्या होत्या.

मित्रांनो, प्रिती टीचर वाईट नव्हत्या. त्यांचा वर्ग भरगच्च होता. वर सरकारी सर्वेक्षणं, स्पर्धा परीक्षा, स्नेहसंमेलन. एका दुपारी वर्गात इतका गोंगाट झाला की त्यांचा घसा बसला. वैतागून त्यांनी मला उचललं आणि माझी मान आत ओढली. मुलांना सवय होती. सगळ्यांनी माना खाली घातल्या, वर्ग चिडीचूप झाला. प्रिती टीचरनी सुटकेचा श्वास टाकला. पुढचं वाक्य त्यांनी विचारलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही.

मग "कासव" हा हुकूमच झाला. कासव म्हटलं की डोकी बाकावर, हात आत, तोंड बंद. दुसऱ्या वर्गांच्या बाई बघायला आल्या. शाळेच्या फलकावर माझा फोटो लागला आणि त्याखाली लिहिलं, शिस्तीचा अभिनव उपक्रम. सुनेत्राताईंच्या हातावर असताना माझं एवढं कौतुक कधीच झालं नव्हतं. मला मात्र ते कौतुक गोड लागलं नाही, कारण बाहेर कसं यायचं ते मुलं विसरत चालली होती.

मुलं चौथीत गेली. प्रिती टीचर आणि मी त्यांच्यासोबत वर गेलो. एके दिवशी शाळेची तपासणी होती. सकाळपासून सगळ्यांची धावपळ. मनवा वर्गात आली तेव्हा तिच्या वेण्या नव्हत्या. केस कसेतरी रबरबँडमध्ये कोंबले होते. मधल्या सुट्टीत तिने डबा काढला नाही. डबा नव्हताच. टेबलावरून मला सगळा वर्ग दिसायचा, पण मी कोणाला काय सांगणार?

सुट्टीनंतर मुलं दंगा करत होती. जिन्यावर साहेबांच्या बुटांचा आवाज आला. नेमका तेव्हाच मनवाने हात वर केला. प्रिती टीचरची नजर त्या हातावर गेली, मग दाराकडे गेली.

"कासव," त्या म्हणाल्या.

सगळी डोकी बाकावर टेकली. त्या शांततेत एकटा मनवाचा हात जरा वेळ वर राहिला. मग तोही खाली आला. साहेब दारात उभे राहून म्हणाले, "वा, मुलांना छान वळण लावलंय तुम्ही." ते गेले आणि लगेच पुढच्या तासाच्या बाई आल्या. मनवाने पुन्हा हात वर केला नाही. शाळा सुटेपर्यंत ती मान खाली घालून बसली होती.

त्या दिवसानंतर मनवा शाळेत आली नाही. मोठ्या माणसांत कुजबुज व्हायची, पण मला नीट कळलं ते तात्यांकडून. तात्या म्हणजे मनवाच्या शेजारचे म्हातारे गृहस्थ. मनवाच्या मामाला घेऊन ते तिचा शाळेचा दाखला काढायला आले होते. मामा ऑफिसात थांबला आणि तात्या प्रिती टीचरना भेटायला वर्गात आले. मुलं खेळाच्या तासाला गेली होती.

"पोरगी संध्याकाळी घरी आली आणि दार वाजवत बसली," तात्या सांगू लागले. "बाहेरून कुलूप होतं. मी म्हटलं, आई बाजारात गेली असेल, ये आमच्याकडे बस. तर म्हणते, नाही तात्या, आई आत आहे. ओट्यापाशी पडली आहे, सकाळपासून उठत नाही."

"सकाळपासून?" प्रिती टीचर म्हणाल्या.

"बापाने ढकललं. डोकं ओट्यावर आपटलं. त्याने कुलूप लावलं, पोरीला शाळेत सोडलं आणि गेला ऑफिसला. पोरीला सांगितलं, आई झोपली आहे, शाळेत तोंड उघडायचं नाही." तात्या बाकावर बसले. "कुलूप तोडलं आम्ही. श्वास चालू होता. हॉस्पिटलात नेली, पण रात्रीच गेली ती. डॉक्टर म्हणाले, दुपारपर्यंत आणली असती तर वाचली असती."

प्रिती टीचरनी टेबलाची कड घट्ट धरली. "आणि ते?"

"पोलिसांनी नेलंय त्याला. आता मामा सांभाळेल पोरीला."

"मनवा काही बोलते?"

"नाही हो. जेव म्हटलं की जेवते. नाहीतर मान खाली घालून बसून असते."

तात्या गेल्यावर प्रिती टीचरनी माझ्याकडे पाहिलं. मला हात मात्र लावला नाही. त्याच दिवशी त्यांनी सुनेत्राताईंना फोन केला, आणि मोठ्या बाईंकडे हट्ट धरून त्यांच्यासाठी एक तास मागून घेतला.

ताई आल्या. पूर्वीसारखी बाकं भिंतीकडे सरकवली. मुलं गोल करून बसली, मी ताईंच्या हातावर. प्रिती टीचर दारात उभ्या राहिल्या.

"मनवाच्या आईचं तुम्हाला कळलं असेल," ताई म्हणाल्या. "कोणाला काही बोलावंसं वाटतंय?"

एका मुलीने गुडघ्यांत डोकं घातलं. मग तिच्या शेजारच्या मुलाने. बघता बघता सगळ्या वर्गाने माना आत ओढून घेतल्या. ताईंनी माझी मान बाहेर काढली. "आता बाहेर या," त्या अगदी हळू म्हणाल्या. एकही डोकं वर आलं नाही. ताई थांबून राहिल्या. माझी मान त्यांनी बाहेरच ठेवली.

शेवटी ध्रुवने डोकं वर केलं.

"ताई, त्या दिवशी मनवाने हात वर केला होता. साहेब आले तेव्हा. मी बघितला."

ताई काही बोलायच्या आत दारातून आवाज आला.

"मीही बघितला होता," प्रिती टीचर म्हणाल्या.

ध्रुव त्यांच्याकडे वळला. "मग टीचर?"

प्रिती टीचर आत आल्या आणि मुलांमध्ये फरशीवर बसल्या. घंटा झाली, तरी कोणी उठलं नाही.

मित्रांनो, तो तास पुन्हा सुरू झाला असं सांगता आलं असतं तर मला बरं वाटलं असतं. तो सुरू झाला नाही. संस्था विचार करते आहे म्हणे. फलकावरचा माझा फोटो मात्र कोणीतरी काढून टाकला. मी आता कपाटात असतो, नकाशांच्या गुंडाळ्यांजवळ. कपाटाचं दार नीट लागत नाही, म्हणून फटीतून थोडा वर्ग दिसतो. प्रिती टीचर आता "कासव" म्हणत नाहीत. वर्गात गोंगाट असतो. एखादा हात वर झाला की त्या खडू ठेवून त्या बाकापर्यंत जातात. पुष्कळदा पाणी प्यायला जाऊ का, एवढंच विचारायचं असतं. तरी त्या जातात.

मनवाला मामाने कोणत्या गावाला नेलं, ते मला नीट ऐकू आलं नाही. ती कुठल्या तरी शाळेत गेली असेल. कदाचित तुमच्याच. म्हणून तुम्हाला एक विनंती करतो. तुमच्या वर्गात नवीन मुलगी आली असेल आणि ती कोणाशी बोलत नसेल, तर तिला चिडवू नका आणि बोल म्हणून तिच्या मागेही लागू नका. मधल्या सुट्टीत तिच्याजवळ बसा, आपला डबा उघडा आणि तिच्यासमोर धरा. आज बोलली नाही तर उद्याही बसा. ज्या दिवशी ती तोंड उघडेल, त्या दिवशी हातातलं सगळं बाजूला ठेवा आणि ती काय म्हणते ते शेवटपर्यंत ऐका.