पांढरं म्हणजे रिकामं नव्हे

शेवंतीची फुलं डोळ्यांतून दिसत होती.

ओक मालकांच्या काळ्या टायची गाठ वाकडी.

उदबत्ती तिसऱ्यांदा विझली.

"आईचे दात कुठं गेले?"

विचारणारा थोरला मुलगा होता. कोरियातल्या तेगू शहराच्या अंत्यविधीगृहात वारलेल्या मेंग आजींचा फोटो टीव्हीसारख्या स्क्रीनवर लावला होता, त्याच चित्रात मागे फुलांची आरास. पण आजींचे पांढरे केस, दात, बुबुळांभोवतीचा पांढरा भाग, सगळीकडे भोकं पडून मागची फुलं दिसत होती.

फोटोच्या दुकानाचे मालक ओक यांनी प्यो मिरानला दंडाला धरून पुढे केलं. "हिचं काम. बावीस वर्षं नुक्की काढतेय, तरी अक्कल नाही."

नुक्की काढणं म्हणजे माणसामागचा पडदा सोलून टाकणं. मिरान एकेक केस सोडवायची आणि फाइल अशी ठेवायची, की प्रत्येक ठिपका हवा तेवढाच पारदर्शक होईल. या खेपेला काम मालकांच्या मेव्हण्याने उरकलं होतं. त्याने जुन्या प्रकारची फाइल निवडली. तिला कुठला तरी एकच रंग पारदर्शक म्हणून नेमून द्यायचा असतो. आजींच्या फोटोत मागचा पडदा पांढरा होता, म्हणून त्याने पांढरा नेमला.

"माफी माग," मालक तिच्या कानाशी पुटपुटले. "नाहीतर उद्यापासून घरी बस."

"तुमचा मेव्हणा बसेल का?"

"त्याला बायको-पोरं आहेत."

"आणि मला मांजर. म्हणून मी बसायचं?"

"कुजबुज पुरे," थोरला खेकसला. "लोक यायला लागलेत. आईला आंधळी करून ठेवलीत तुम्ही."

अंत्यविधीगृहातून फोन आल्याबरोबर मिरानने मूळ फोटोवरून नुक्की पुन्हा काढली होती. ती तिने स्क्रीनवर लावली. केसांच्या टोकांवर फुलांचा रंग किंचित उतरला. आत पांढरं ते पांढरंच राहिलं. दात आले. नजर आली. आजींची धाकटी लेक भिंतीकडे तोंड करून बसली.

रीतीप्रमाणे मिरानने फोटोपुढे दोनदा डोकं टेकलं, थोरल्यापुढे एकदा. मालक वाट बघत उभे होते.

"चूक दुकानाची," ती म्हणाली. "माझी नाही."

"चालती हो," मालक म्हणाले.

थोरल्याने त्यांच्याकडे पाहिलंही नाही. "इथं आलेला प्रत्येकजण जेवून जातो. तूही जेवून जा," तो तिला म्हणाला. आवाजातला राग गेला नव्हता.

तीन वर्षांपूर्वी, हा फोटो काढायच्या दिवशी, मेंग आजींचे केस मिरानने विंचरले होते.