पट्टीखालची फट

सभागृहात मुंगी शिरायला जागा नव्हती. मंचावर डोळ्यांना काळी पट्टी बांधलेली एक चिमुरडी हातातलं पुस्तक घडाघडा वाचत होती आणि आयाबाया तोंडात बोटं घालत होत्या.

"तिसरा डोळा!" मेंदूगुरू माइकवर गरजले. "तुमच्या मुलांचा मेंदू सायकल आहे, मी त्याचं विमान करतो. उत्तर चुटकीसरशी!"

तिसऱ्या रांगेतल्या एका आईने आपल्या मुलीला दंड धरून वर चढवलं. शाळेत हिला 'गोगलगाय' म्हणत. गुरूंनी कानाशी चुटकी वाजवली. "सतरा गुणिले नऊ?"

मुलीला दोन वाटांनी पडताळल्याशिवाय बोलायची सवय नव्हती. "बघा, इंजिन गार!" सभागृह हसलं. आईही हसली, ते मुलीला फार लागलं. ती "एकशे त्रेपन्न" म्हणाली तेव्हा माइक पुढे गेला होता.

"सुट्टीभर शिबिरात ठेवा. मध्ये भेटायचं मात्र नाही," गुरू म्हणाले. आईने लगेच मान डोलावली.

मुलीचं बोलणं पुरं होईपर्यंत थांबणारं घरात कुणी नव्हतंच, आता घरही सुटणार. मंचाच्या कडेला ती एकटीच उभी राहिली, बघत. एक मूल वाचून गेलं, मग दुसरं, तिसरं. सगळी मुलं पुस्तक पोटाशी धरत होती, हनुवटी जरा वर करून.

पहिली चिमुरडी पट्टी बांधून पुन्हा पुढे आली, तेव्हा मुलगी गुरूंना म्हणाली, "काका, पुस्तक हिच्या कपाळासमोर धरू?"

"मेंदूच्या लहरी बिघडतात, बाळ."

"पण तिसरा डोळा कपाळावरच असतो ना?"

हशा पिकला, या खेपेला गुरूंवर. पुढच्या रांगेतल्या एका डॉक्टरीणबाईंनी उठून पुस्तक चिमुरडीच्या कपाळासमोर धरलं. चिमुरडीला एक अक्षरही वाचता येईना. मग बाईंनी पट्टी स्वतःच्या डोळ्यांवर बांधली, पुस्तक खाली धरलं आणि पानभर वाचून दाखवलं. "नाकाशेजारी फट राहते. पोरांना तिथून बघायला शिकवलंय, आणि गप्प बसायला." तोवर गुरू मागच्या दाराने पसार झाले होते.

बाई आईला म्हणाल्या, "हिला वेळ लागतो, कारण ही नीट बघते. वेग म्हणजे बुद्धी नव्हे."

घरी जाताना आईने विचारलं, "इतकं कळत होतं, तर मला कधी बोलली का नाहीस?"

मुलगी नेहमीसारखी थांबली. आई चालत पुढे गेली, मग वळून परत आली.

"बोलते गं. तू निघून गेलेली असतेस."

तेव्हा मंडळी, चमत्कार दिसला तर टाळ्या वाजवण्याआधी पट्टीखाली बघा. आणि लेकरू उत्तराला अडलं, तर त्याला मंद म्हणण्याआधी तिथेच उभे राहा.