चष्मा न काढता

केसरीनाथाने चष्म्यावर जन्मभर डूख धरला होता. का धरू नये? खारबावच्या शाळेत पोरांनी त्याला ‘ढापण्या’ म्हटलं आणि पंचेचाळिशी आली तरी ते नाव काही सुटलं नाही. भिवंडीत कासमभाईंच्या लूमवर तो कापड तपासायला होता. तिथल्या उकाड्यात चष्मा नाकावरून घसरायचा, उडणारी रुई काचांवर बसायची, आणि हा सदऱ्याने पुसून पुसून वैतागायचा.

पण कापड समोर आलं की गडी निराळाच! चष्मा कपाळावर सारायचा, कापड पार नाकाशी न्यायचा आणि तुटका धागा बरोबर पकडायचा. कासमभाई खूश होऊन म्हणायचे, “क्या नजर दी है ऊपरवाले ने!” हे ऐकलं की केसरीनाथाची छाती फुगायची.

तर सत्त्याण्णव साली कासमभाईंचा पुतण्या मुंबईहून लेझर करून आला आणि त्याचा चष्मा गेला. झालं! केसरीनाथ पेटलाच. आपलाही चष्मा जाणार म्हणून गावभर सांगत सुटला.

“डोळ्याला आग लावून घ्यायची हाय काय तुमाला?” बायको हौसा कडाडली.

“आग न्हाय गं, किरण असतो. लांबचं लेझर बघून घेईल, जवळचं देवानं दिलेलं हायच!”

आता या एका वाक्यातच सगळा घोळ होता. पण तो हौसाला कसा कळावा, आणि त्याला तरी कुठे कळला होता?

दोघं दादरला लेकीकडे उतरली. सुमती तान्ह्या पोरीला पोटाशी धरून त्यांच्याबरोबर दवाखान्यात आली. बाळंतपण मुंबईतच झालं होतं आणि बारशाच्या गर्दीत आजोबाच्या वाट्याला नात धड आलीच नव्हती.

यंत्रांपुढे हनुवटी टेकवून तपासण्या झाल्या. नंबर बऱ्याच वर्षांत हललेला नाही, बुबुळावरचा पडदाही पुरेसा जाड आहे, असं निघालं. केसरीनाथ नवरदेवासारखा ताठ बसला.

“दुखणार नाही, वेळही फार लागणार नाही,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “पण किरणाने पडदा छाटून त्याचा आकार बदलतो आम्ही. छाटलेलं परत लावता येत नाही. म्हणून आधी सांगा, दिवसभर काम काय करता?”

त्याने लगेच चष्मा काढला आणि सदऱ्याचं टोक नाकाशी नेऊन दाखवलं.

“आता हेच चष्मा न काढता करा.”

“ऑ? घालून कसं दिसंल? जवळचं बघताना काढायचाच असतो की!”

“आणि लेझरनंतर काढाल काय?”

केसरीनाथाने हातातला चष्मा पुन्हा नाकावर चढवला.

बाई समजुतीने बोलत होत्या. “हाच नंबर आम्ही तुमच्या डोळ्यातच बसवून देणार. मग तो काढता येणार नाही. चाळिशीनंतर जवळचं सगळ्यांनाच धूसर होतं. तुम्ही चष्मा काढता म्हणून तुम्हाला कळलं नाही, एवढंच. लांबचा चष्मा जाईल, पण कापडाला, वाचायला जवळचा लागेल. पुष्कळ जण तेही आनंदाने पत्करतात. बाहेर बसा, घरच्यांशी बोला. ठरवायचं तुम्हीच.”

बाहेर येऊन तो बाकावर धपकन बसला. भयंकर राग आला होता त्याला, आणि कोणावर काढावा ते कळेना. गावाला काय तोंड दाखवायचं? हौसाने खोदून खोदून विचारलं तेव्हा त्याने सगळं सांगितलं.

“घ्या हिला,” सुमती म्हणाली, “जरा बरं वाटेल.” आणि पोर त्याच्या मांडीवर दिली.

सवयीने हात चष्म्याकडे गेला. तो थांबला. न्हाय काढायचा, बघू या तरी, म्हणून तसाच वाकला. नातीचं तोंड धुरकट झालं. डोळे कुठे, ओठ कुठे, काही लागेना. त्याने तिला हातभर लांब धरलं, तेव्हा चेहरा जुळला, पण पोर लांब गेली.

त्याने चष्मा काढून हौसाच्या ओटीत टाकला आणि पोरीला नाकाशी आणलं. ओठाच्या कोपऱ्यात दूध, मऊ लव, एक एक पापणी वेगळी. देवा, किती सुंदर होती ती! त्याला भरूनच आलं.

“सुमे, हिच्या पापणीच्या कडेला तीळ हाय.”

“काहीतरीच बाबा! मी रोज न्हाऊमाखू घालते हिला.”

“हाय म्हंतो ना! खसखशीहून बारीक.”

सुमतीने पोरीला खिडकीच्या उजेडात नेलं, हळूच पापणी सरळ केली आणि ओरडली, “अगंबाई, आहे की गं आई! मला कसा नाही दिसला?”

केसरीनाथ खदखदून हसला. त्याने हात पुढे करून पोरीला परत मागून घेतलं.

इतक्यात दार उघडून डॉक्टरीणबाईंनी विचारलं, “काय ठरलं, केसरीनाथ?”

“राहू द्या बाई,” तो मान वर न करताच म्हणाला. “नातीला बघतोय.”