ओळंब्यातली भिंत

लेकीचं, लीलाचं लग्न झालं त्या वर्षी, एकाहत्तरच्या मार्गशीर्षात, आण्णा गवंड्यानं बोळाच्या तोंडाला शेवटची वीट बसवली. थापीनं चुना सपाट केला, ओळंबा सोडून भिंत सरळ उभी आहे का ते पाहिलं आणि शिडीवरूनच खाली उभ्या बायकोला, बयाबाईला म्हणाला,

“बघ. आता कोण म्हणतंय काळ्या अक्षता?”

वैशाखात ह्याच बोळात लीलाचा मांडव घातला होता. बोळाच्या ह्या तोंडापलीकडच्या फौंड्रीची भट्टी त्या दिवशीही पेटलेली होती. मंगलाष्टकं चालू असताना वाऱ्याचा झोत आला आणि नवरदेवाच्या पांढऱ्या फेट्यावर काजळी बसली. जयसिंगपूरचे पावणे हसले. “काळ्या अक्षता टाकून पोरगी देतायसा व्हय?” असं व्याही पंगतीत दोनदा म्हणाला. आण्णा पानावरून तसाच उठला होता.

भिंत दोन पुरुष उंच झाली. बोळातली आठही घरं खूश होती. शेजारच्या झुंबरबाईनं आण्णाला नारळ दिला.

दुसऱ्या दिवशी बयाबाईनं देवापुढं उदबत्ती लावली. धूर सुतासारखा सरळ वर गेला आणि आढ्याला टेकला. दारात दोरीवर वाळणाऱ्या लुगड्याचा काठ हलत नव्हता. काजळी मात्र आलीच. पूर्वी ती झोताबरोबर यायची आणि झोताबरोबरच बोळाच्या दुसऱ्या तोंडानं निघून जायची. आता ती भिंतीवरून आत उतरायची आणि बसायची, चाळणीतून पीठ गाळावं तशी, आवाज न करता. बयाबाई झाडायची, उडालेली काजळी तिच्यादेखत पुन्हा त्याच फरशीवर यायची. आण्णाचा पाट उचलला की खाली पाटाएवढी फरशी स्वच्छ दिसायची. बाकी सगळं काळं.

पुढच्या पावसाळ्यानंतर आण्णाला खोकला लागला. दिवाळी झाली तरी हटेना.

“अवो, दोन विटा काढा की,” एका संध्याकाळी ती म्हणाली. “वारं आत येऊ दे.”

“आन् काजळी?”

“ती येतीयाच. तिला जायाला वाट न्हाय.”

“तू कवापासनं गवंडी झालीस?”

बयाबाईनं रॉकेलची चिमणी पेटवली आणि भिंतीच्या पायाशी धरली. ज्योत हलली नाही. मग ती चिमणी घेऊन शिडीवर चढली आणि हात भिंतीच्या वर काढला. ज्योत फटकन विझली.

आण्णा पाटावरून बघत होता. तो बराच वेळ खोकला.

“भिंत ओळंब्यात हाय माझी,” तो म्हणाला. “जावई परवा तिला हात लावून, वा म्हणून गेलाय. तिला भोक पाडू व्हय?”

ती खाली उतरली. त्यानंतर तिनं तो विषय काढला नाही.

आण्णा वाळत गेला. दुपारी सगळे निजले की तो काठी टेकत भिंतीपाशी जाऊन बसायचा. विचारलं तर म्हणायचा, “ऊन खातोय.” भिंतीपाशी ऊन कधीच नसायचं.

मग एका पहाटे खोकला थांबला. त्या शांततेनंच बयाबाई जागी झाली.

माणसं घाटावरून परतल्यावर झुंबरबाईनं आण्णा गेला त्या जागी फरशी पुसली, तांदळाचं पीठ पसरलं, वर टोपली पालथी घातली आणि शेजारी दिवा ठेवला. गेलेला माणूस कुठल्या जन्माला गेला, ते सकाळी पिठावरच्या पावलावरून कळतं.

सकाळी बायका जमल्या. रात्रभर दिव्याची ज्योत जागची ढळली नव्हती. झुंबरबाईनं टोपली उचलली. विणीतून काजळी आत झिरपून पीठ काळवंडलं होतं. मधोमध दोन पांढऱ्या जागा होत्या, लांबट, एकमेकींना लागून.

“पाखराचं न्हाय, गाईचं न्हाय,” झुंबरबाई हळूच म्हणाली. “बया, हे कसलं पाऊल गं?”

बयाबाईनं हात लावून मापलं. प्रत्येक जागा एक वीत लांब, अर्धी वीत रुंद, विटेएवढी. ती उठली. कोपऱ्यातला आण्णाचा हातोडा घेतला.

“अगं, सुतकात कुठं निघालीस?”

ती बोळाच्या तोंडाशी गेली. बसलेल्या माणसाच्या छातीएवढ्या उंचीवर दोन विटांभोवतीचा सांधा पुरता खरवडलेला होता. हातोडा लागलाच नाही. विटा बोटांनीच बाहेर आल्या. भोकातून वारं आलं आणि तिचा पदर फडफडला. मागं कुणाच्या तरी दारातला पत्रा वाजला.

खाली चुन्याचा भुगा पडला होता. शेजारच्या दगडावर, नळावर, रात्री बाहेर राहिलेल्या घागरीवर काजळीचा थर होता. भुग्यावर नव्हता. तो आत्ताच पडल्यासारखा पांढराशुभ्र होता.

बयाबाईनं विटा पदरात घेतल्या.

आण्णा गवंडी वारला तो आदल्या दिवशी पहाटे, त्र्याहत्तर सालच्या माघ वद्य पंचमीला.