शालनबाईंचा प्रभू

नोकरी टांगणीला लागलेली असताना करंज्यांसाठी रवा भाजत बसणाऱ्या बाईचं डोकं ठिकाणावर आहे, असं कोण म्हणेल? मी तरी म्हणत नव्हतो.

छप्पन सालचा डिसेंबर होता. पिंपरीच्या नव्या कारखान्यात आम्ही चाळीस जण टेंपरवारी, आणि नाताळच्या आदल्या दिवशी, सोमवारी, बोर्डावर यादी लागणार होती. नाव असेल तो परमनंट, नसेल त्याने वळकटी बांधावी. पंधरा दिवस माझ्या घशाखाली भाकरी उतरत नव्हती. शेजारच्या खोलीतला दत्तोबाही टेंपरवारीच, पण गडी दोन्ही वेळा हाणून जेवायचा. त्याची बायको शालनबाई, नगरकडची ख्रिस्ती, दारात बसून खुशाल नाताळची चांदणी बांधत होती. कामट्या काय, कागद काय, वर गुणगुणणं काय!

शेवटी न राहवून मी विचारलं, "शालनबाई, यादीची भीती वाटत न्हाई का?"

"वाटत व्हती की, भावजी. मग समदं प्रभूवर सोपवलं. आता निवांत हाय."

प्रभू! माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. आमच्या भरतीच्या साहेबांचं आडनाव प्रभूच. म्हणजे या साध्याभोळ्या बाईने थेट साहेबाशी संधान बांधलं होतं तर! आमच्यासमोर भक्ती आणि आतून वशिला. मांजर डोळे मिटून दूध पितं ते असं.

मग मीच का मागे राहू? रविवारी सकाळी बायकोची, सुभद्रेची, अंड्यावरची कोंबडी काखेत मारली आणि साहेबांचा बंगला गाठला. सुभद्रा मागून शिव्या घालत होती.

"साहेब," मी हात जोडले, "शालनबाईंनी तुमच्यावर सोपवलंय, तसं आमचंबी बघा."

"कोण शालनबाई?"

बेरकी माणूस! ओळख दाखवत नव्हता. मी आणखी जवळ सरकलो आणि आवाज बारीक करून सांगितलं, की तिचा नवरा दत्तोबा रविवारी ओव्हरटाइमला कधी येत नाही, खडकीला प्रार्थनेला जातो. असल्या माणसापेक्षा मी बरा. हे बोलताना माझी जीभ जराही अडखळली नाही, तेही सांगून टाकतो.

साहेबांनी जांभई दिली. "अहो, यादी शुक्रवारीच मुंबईहून आलीय. पाकीट बंद आहे. माझ्या हातात फक्त टाचणी."

कोंबडी मात्र त्यांनी परत दिली नाही.

अर्ध्या वाटेत माझी ट्यूब पेटली. बाई त्या वरच्या प्रभूचं बोलत होती! गेली कोंबडी, आणि तीही देवाच्या नावावर. मी स्वतःवर चिडलो, पण त्याहून जास्त तिच्यावर. आभाळाकडे बघून कुणी परमनंट होतं का?

सोमवारी यादी लागली. माझं नाव होतं. दत्तोबाचं नव्हतं.

संध्याकाळी मी शेजारी गेलो. सांत्वन हे निमित्त. मला बाईचं तोंड बघायचं होतं. तिचे डोळे सुजले होते, पण बोटं करंजीला मुरड घालत होती.

"काय केलं मग तुमच्या प्रभूनं?"

"रडले की दुपारभर, त्याच्याच पायाशी." तिने करंजी तेलात सोडली. "नोकरीचा शब्द त्यानं कवा दिला व्हता, भावजी? साथ सोडणार न्हाई म्हनला, एवढंच. मग म्हटलं, आता तू बघ, मला तळण उरकायचंय."

दत्तोबा चांदणीला दोरी बांधत होता. "बुधवारी चाकणला जाऊन येतो," तो म्हणाला. "कांद्याच्या वखारीत माणसं लागत्यात म्हणं."

एवढं बोलून दोघं आपापल्या कामाला लागली, जणू यादी दुसऱ्याच कुणाची होती.

शालनबाईने बशीत दोन करंज्या घालून माझ्या हातात दिल्या. "तुमचं नाव लागलं न्हवं? लई बरं झालं. सुभद्राताई सांगत व्हत्या, तुमाला घास जात न्हाई. रोज प्रार्थनेत मी यांच्या आधी तुमचं नाव घेत व्हते."

मी एक तुकडा मोडून तोंडात घातला. परमनंट माणूस मी, पण तो काही केल्या गिळवेना. समोर दत्तोबा तिसरी करंजी मागत होता.