प्रमुख पाहुण्यांचा परिचय

"बाबा, या खुर्च्या कुणी मांडल्या?"

सोसायटीच्या हॉलमध्ये वैजनाथरावांशिवाय दुसरं कोण खुर्च्या मांडणार? सकाळीच वॉचमनला हाताशी धरून त्यांनी रांगा लावून घेतल्या होत्या. समोर टेबल, त्यावर पांढरी चादर, चादरीवर फुलदाणी आणि मागे उंच पाठीच्या मानाच्या खुर्च्या. लेकीने काम सांगितलं, बापाने जीव ओतून केलं. यात चुकलं कुठे हे त्यांना कळेना.

"मीच. का गं, कमी पडतायत?"

"खुर्च्या नकोच आहेत," अपेक्षा म्हणाली. "आपण खाली बसणार आहोत. गोल करून."

"गोल करून? मग अध्यक्षांनी तोंड कुणीकडे करायचं?"

"अध्यक्ष नाहीयेत बाबा. वर्कशॉप आहे हे. सगळे सारखेच."

"बरं, प्रमुख पाहुणे तरी?"

"तेही नाहीत."

वैजनाथराव फुलदाणी उगाच इकडची तिकडे सरकवू लागले. कारण प्रमुख पाहुणे होते. ते बी विंगमध्ये राहत होते आणि या घटकेला बहुधा दाढी करत होते.

वैजनाथराव मूळचे परळीकडचे. पुण्यात येऊन त्यांनी पाणीपट्टीच्या कारकुनीत केस पांढरे केले आणि धायरीत दोन खोल्यांचा फ्लॅट घेतला. ऑफिसात त्यांना कुणी विचारलं नाही, पण सोसायटीत त्यांच्यावाचून पान हलत नसे. संक्रांतीचं हळदीकुंकू असो की रक्तदान शिबिर, माइक त्यांच्याच हातात. त्यातही त्यांचा हातखंडा प्रयोग म्हणजे पाहुण्यांचा परिचय. एकदा त्यांनी एका दातांच्या डॉक्टरांची अशी ओळख करून दिली की बत्तीशी शाबूत असलेल्या लोकांनाही एखादा दात काढून घ्यावासा वाटला.

आणि त्यांचे सगळ्यात लाडके पाहुणे म्हणजे शंभूअण्णा. अण्णा धायरीचेच, सैन्यातून निवृत्त झालेले. दर झेंडावंदनाला वैजनाथराव त्यांचा परिचय करून देत आणि दर वर्षी तो थोडा वाढे. पहिल्यांदा अण्णांनी नुसती सीमेवर सेवा केली होती. मग ती बर्फात झाली. मग तिच्यात गोळीबार आला. गेल्या सव्वीस जानेवारीला तर अण्णांनी एकहाती चौकी राखली होती. अण्णा मान खाली घालून बसत आणि लोकांना तो त्यांचा विनय वाटे.

त्यात यंदा सीमेवर पुन्हा पेटलं. शहरात भोंगे वाजवून सराव झाला, टीव्हीवर कोट घातलेली माणसं ओरडून ओरडून लालबुंद झाली. अण्णांचा मुलगा सुदर्शन नेमका तिकडेच होता आणि आठवडाभर त्याचा फोन लागला नव्हता. मग गोळीबार थांबला म्हणे. पण अपेक्षा हिंजवडीच्या ऑफिसात कुणाशी तरी कडाकडा भांडून आली, आणि तिने चार मित्रमैत्रिणींबरोबर ठरवलं की शनिवारी युद्धाविरुद्ध कार्यशाळा घ्यायची आणि रविवारी चौकात शांतपणे उभं राहायचं. कार्यक्रमाचा विषय ऐकला की शहरातले हॉल एकाएकी दुरुस्तीला निघत. शेवटी ती बापाकडे आली.

आई गेल्यापासून या दोघांत सिलेंडर आणि किल्ली यांखेरीज फारसं बोलणं उरलं नव्हतं. ती स्वतःहून काही मागते आहे म्हटल्यावर वैजनाथराव हरखले. युद्धाबद्दल आपल्याला काय वाटतं, हे त्यांनी स्वतःला विचारलंच नाही. चेअरमनना त्यांनी सांगितलं, शांततेचा कार्यक्रम आहे. अण्णांना प्रमुख पाहुणे म्हणून बोलावताना त्यांनाही तेच सांगितलं. युद्ध हा शब्द त्यांनी दोन्हीकडे सोयीस्कर गिळला. आता फाटकावर तोच शब्द ठळक रंगात लटकत होता आणि आपल्या पन्नाशीपासूनच्या मित्राला आपण तिथे शाल घालून बसवणार आहोत, या विचाराने त्यांना घाम फुटला.

ते तडक बी विंगमध्ये गेले. अण्णांच्या पत्नी मुक्ताताई त्यांच्या कोटाला इस्त्री करत होत्या.

"या भावजी. पदकं डाव्या बाजूला लावत्यात ना ओ? ह्यांचं म्हननं, ऱ्हाऊ द्या. मी म्हनलं, एवढ्या मानानं बोलीवलंय."

"अण्णा," वैजनाथराव म्हणाले, "आज नाही आलात तरी चालेल. ऊन फार आहे."

"हॉल सावलीत हाय," अण्णा म्हणाले.

"पोरंच आहेत सगळी. खाली बसायचंय. तुमचा गुडघा..."

"वैजनाथराव, काय लफडं हाय ते सरळ बोला की."

वैजनाथरावांनी सरळ बोलायला तोंड उघडलं. पण मुक्ताताईंनी कोट वर धरून झटकला आणि पदकं वाजली. सुदर्शनचा फोन लागत नव्हता त्या आठवड्यात या बाईंच्या घरी चूल पेटली नव्हती. तेव्हापासून त्या आज पहिल्यांदाच हसताना दिसत होत्या. त्यांना काय सांगायचं?

"काही नाही," ते म्हणाले. "वेळेवर या."

अण्णा वेळेवर आले. फाटकावरचा फलक त्यांनी थांबून वाचला. मग काही न बोलता चप्पल काढली आणि गुडघ्यावर हात ठेवून हळूहळू सतरंजीवर बसले. आजूबाजूच्या पोरांच्या टी-शर्टांत तो कोट फारच उठून दिसत होता. अपेक्षाने बापाकडे पाहिलं. त्या पाहण्यात अख्खं भांडण होतं, पण ते पुढे ढकललेलं होतं.

कार्यशाळा घेणारा अनिरुद्ध हा दाढीवाला, हळू बोलणारा मुलगा होता. त्याने एकच गोष्ट सांगितली. बातम्यांतलं नको, पुस्तकातलं नको. युद्धाचं जे तुमच्या स्वतःच्या वाट्याला आलं, तेवढंच सांगायचं. पोरं गांगरली. बोलायला आली होती खूप, पण स्वतःच्या वाट्याचं म्हटल्यावर पंचाईत झाली. एकीने भोंगा वाजला तेव्हा कुत्रं पलंगाखाली गेलं ते सांगितलं. संस्कृती नावाच्या मुलीने सांगितलं, तिच्या वडिलांचा कारखाना तोफांचे सुटे भाग बनवतो आणि तिची फी त्यातूनच भरली गेली. मग ती थोडी रडली. वैजनाथरावांना हा कसला कार्यक्रम ते उमजेना. यात टाळ्या कुठे वाजवायच्या हेही कळत नव्हतं.

अण्णांची पाळी आली आणि वैजनाथराव सवयीने उठून उभे राहिले.

"मित्रहो, आपल्यात बसलेला हा साधा माणूस, याने बर्फात, गोळ्यांच्या वर्षावात..."

"वैजनाथराव, बसा खाली," अण्णा म्हणाले.

ते बसले. त्यांच्या उभ्या आयुष्यात त्यांचा परिचय मध्येच तोडला गेला नव्हता.

"हे आमचे दोस्त," अण्णा म्हणाले. "दर साली सांगत्यात, म्या लढाई केली. मी काय केली न्हाई. मी ट्रक चालवायचो. वर जाताना पीठ, रॉकेल, बटाटं. खाली येताना कधी रिकामा. कधी पेट्या."

"पेट्या म्हणजे?" संस्कृतीने विचारलं. मग तिचं तिलाच कळलं आणि तिने तोंडावर हात ठेवला.

"रस्ता वळणाचा. वळणाला मागं पेटी सरकायची, आवाज यायचा. मी म्हनायचो, माफ कर गड्या. दर वळणाला. शेजारी बसलेला पोरगा हसायचा मला, म्हनायचा, ऐकतंय का कुनी? एकदा खाली येताना शेजारची शीट रिकामी हुती. तोच मागं हुता."

अण्णांनी गुडघा चोळला आणि पुढे बोलू लागले.

"आता माझा पोरगा तिथंच हाय. लढाई नको म्हनलं की वाटतं, त्याला तिथं उभा करून आपन हितं पाय मागं घेतला. पायजे म्हनलं की ती वळणं आठवत्यात. मंग मानसानं म्हनावं तरी काय?" त्यांनी अनिरुद्धकडे पाहिलं. ते खरोखरच विचारत होते. "तुमी शिकलेली मंडळी. तुमच्या शिबिरात हे सांगत्यात का?"

"नाही काका," अनिरुद्ध म्हणाला. "मला नाही माहीत."

चहा आला. अण्णांनी तो उभ्यानेच घेतला, कोट काढून हातावर टाकला आणि कुणाशी न बोलता घरी गेले. वैजनाथरावांना वाटलं, संपलं. आपण ज्याला इतकी वर्षं वर वर चढवत नेलं, त्याला आज पोरांसमोर स्वतःच्या हाताने शिडी लावून उतरावं लागलं. संध्याकाळी ते बी विंगच्या जिन्यापर्यंत गेले आणि बेल न वाजवता परत फिरले.

हॉलमध्ये अपेक्षा सतरंजी गुंडाळत होती. त्यांनी दुसरं टोक धरलं.

"रागावलीस?"

"सकाळी रागावले होते. आता नाही." ती थांबली. "बाबा, खरं सांगा. तुम्हाला काय वाटतं? युद्धाबद्दल?"

"तू बोलतेस तेव्हा तुझं पटतं. टीव्ही लावला की त्यांचंही पटतं. सुदर्शनचा फोन लागत नव्हता तेव्हा मला काहीच पटत नव्हतं, नुसती भीती वाटत होती."

"मलाही सगळं कळलंय असं नाही हं."

वैजनाथराव चकित झाले. "मग हा एवढा घाट कशाला घातलास?"

"कळत नाही म्हणून गप्प बसवेना."

"आणि उद्या तासभर चौकात गप्पच उभं राहायचंय ना?"

ती हसली. खूप दिवसांनी ती त्यांच्या बोलण्यावर हसली होती. त्यांना इतकं बरं वाटलं की आपण मित्र गमावून बसलो आहोत, हेही घटकाभर त्यांच्या ध्यानातून गेलं.

रविवारी धायरी फाट्यावर ते सगळे फुटपाथवर रांगेत उभे राहिले. परवानगी तासाभराची होती. हवालदार मोटरसायकलवर बसून मोबाइल बघत होता. नियम एकच होता. घोषणा नाहीत आणि कुणी काही म्हणालं तर उत्तर नाही. वैजनाथरावांच्या हातात फलक दिला गेला. तो कुठल्या उंचीवर धरायचा, यातच त्यांचा बराच वेळ गेला.

मग शंभूअण्णा आले. साधा शर्ट, पायात चप्पल. वैजनाथरावांनी हळूच विचारलं, "अण्णा, रागावलात?" अण्णांनी ओठांवर बोट ठेवलं आणि शेजारी उभे राहिले. फलक मात्र त्यांनी घेतला नाही. पोराच्या नोकरीला बाध नको, एवढं अपेक्षाच्या कानात सांगितलं. मग ते कशासाठी आले होते? लढाई नको म्हणायला, की वैजनाथरावांना सोबत करायला? वैजनाथरावांना काही ठरवता येईना.

सिग्नल लागला. एका स्कूटरवरच्या माणसाने फलक वाचले. मागे त्याची बायको होती, पायाशी भाजीची पिशवी. माणूस चांगल्या घरचा दिसत होता. तो आधी हसला, मग त्याचा चेहरा लाल झाला.

"वा! रविवार आहे, ऊन खायला आलात का? तिकडे पोरं मरतायत आणि तुम्हाला शांती सुचतीये. घरी बसून काय जातंय तुमचं?"

कुणी बोललं नाही. त्यामुळे तो आणखीच भडकला. त्याने रांगेवरून नजर फिरवली आणि ती सगळ्यांत म्हाताऱ्या माणसावर, अण्णांवर, येऊन थांबली.

"अहो आजोबा, तुम्हाला विचारतोय. तुमच्यातल्या एकाचं तरी पोरगं आहे का तिकडे?"

वैजनाथरावांच्या अंगातून वीज गेली. त्यांना उत्तर माहीत होतं. इतकी वर्षं त्यांनी अण्णांना नाही नाही ते चिकटवलं होतं, आणि आज या माणसाला गप्प करायला निव्वळ खरं पुरेसं होतं. एक वाक्य, माइकसुद्धा नको. ते पूर्ण वाक्य त्यांच्या जिभेवर तयार होतं. त्यांनी एक पाऊल पुढे टाकलं आणि तोंड उघडलं.

अण्णांनी त्यांच्या शर्टाची बाही धरली.

वैजनाथरावांनी वळून पाहिलं. अण्णा त्यांच्याकडे पाहत नव्हते. ते समोर, त्या माणसाकडे पाहत होते. त्यांच्या नजरेत राग नव्हता, उलट हा म्हणतोय ते बरोबर तर नाही ना, असा विचार करताना माणूस बघतो तसे ते बघत होते. वैजनाथराव पाऊल मागे घेऊन रांगेत आले. गप्प राहणं बरोबर होतं की तो निव्वळ अपमान गिळणं होतं, त्यांना कळलं नाही, पुढेही कधी कळलं नाही.

"बघा, आहे का उत्तर?" तो माणूस म्हणाला. बायकोने त्याच्या खांद्यावर टकटक केलं. "चला आता, सुटला सिग्नल." मागून हॉर्न सुरू झाले आणि स्कूटर सिंहगड रोडकडे निघून गेली.

वैजनाथरावांना वाटलं, आता अण्णा बाही सोडतील. आपल्याला थांबवायला धरली होती, थांबवून झालं. पण मूठ तशीच होती. वैजनाथरावांनी फलक दुसऱ्या हातात घेतला, म्हणजे तो हात अण्णांना हवा तितका वेळ धरता येईल. सिग्नल पुन्हा लाल झाला आणि समोर नवी वाहनं येऊन थांबली.